काकाजींचा लंगर

"थांबा, थांबा. आता तो काय म्हणून राहिला, सांगतो."

असं म्हणून काकाजी रिमोट वर धरायचे. पंगतीत वाढताना आपण पळी हवेत धरून थांबतो ना, तसा. टीव्हीतली माणसंही थांबायची. कोणाचं तोंड उघडं, कोणाचा पाय चिखलात अर्धा. काकाजी सावकाश सगळं सांगायचे, मग बटण दाबायचे, आणि ती माणसं पुढं चालायला लागायची, जणू यांची परवानगी मिळाली म्हणून.

पांढुर्ण्यात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. बायको बरीच वर्षं झाली गेलेली, मुलगा नागपूरला. मी त्यांच्याकडं पोळ्या करायला जात असे. तरुणपणी ते फौजेत होते. बंदूक चालवणारे नव्हे, लंगरातले. फौजेच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एकाहत्तरची लढाई त्यांनी पाहिली होती. पण तिच्याबद्दल कोणी विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "पाहिली म्हणजे धुरातून पाहिली. चुलीच्या."

त्यांच्या दोन सवयी मला पहिल्या दिवसापासून विचित्र वाटत. एक म्हणजे मोजे. मे महिन्यात कुत्री नालीत जाऊन बसतात, तेव्हाही यांच्या पायात लोकरीचे मोजे. शेजारच्या वहिनी विचारायच्या, "काय वो काकाजी, पायाला थंडी वाजून राहिली का?" ते म्हणायचे, "फौजेची आदत आहे." आणि दुसरी सवय म्हणजे घरात कोणीही आलं, पोस्टमन असो की गॅसवाला, की पहिला प्रश्न, "जेवला का?" हो म्हटलं तरी विश्वास नाही. पोळीचा चतकोर हातावर ठेवायचेच.

मग एका दिवाळीला त्यांच्या नातवानं पेन ड्राइव्हमध्ये एक मालिका भरून आणली. परदेशातली, जुनी, काळीपांढरी. म्हणाला, "आबा, याच्यात तुमच्यासारखा लंगर आहे." नातू दोन दिवस राहून गेला. मालिका राहिली.

ती मालिका तुम्ही पाहिली असेल की नाही, मला माहीत नाही. नावही मला वाचता आलं नाही. लढाई चालू आहे, तंबू आहेत, आणि एका तंबूत पाचसहा शिपाई स्वयंपाक करतात. एक जाडा हवालदार आहे. एक साहेब आहे, जो रोज येऊन भांड्यात नाक खुपसतो. एक खेचर आहे, ते कोणाचंच ऐकत नाही. आणि एक लंबू, सडपातळ, टोपी उलटी घालणारा पोरगा. रोज काहीतरी चुकतं. राशनच्या गाडीतून पिठाऐवजी बुटं येतात. साहेबाचा चहा खेचर पिऊन जातं. आणि कुठून तरी पुष्कळ माणसं एकदम हसतात.

मला ह्या हसणाऱ्यांचं फार कुतूहल. पडद्यावर तर कोणी हसत नाही, सगळे वैतागलेले. मग हसतं कोण? एकदा धीर करून मी विचारलं, "काकाजी, हे लोक कुठी बसले आहेत?"

ते जरा विचार करून म्हणाले, "बाजूच्या अंगणात. आपल्यासारखेच पाहून राहिले."

"आणि लढाईवर हसून राहिले?"

"लढाईवर कोण हसते, बाई? लढाईत हसतेत."

लढाई कोणती, ते त्यांनाही सांगता आलं नाही. म्हणाले, "होती एक. आपली नव्हती."

दुपारी साडेतीनला मालिका लागायची. शनिवारी बंद, कारण शनिवारी ते जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचे. पाहायला आम्ही तिघी. मी, शेजारच्या वहिनी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच आत्या. माहेर मोहगावचं, आणि काकाजीही मोहगावचेच. आत्याबाईंचा थोरला भाऊ उत्तम आणि काकाजी एकाच दिवशी फौजेत भरती झाले होते. काकाजी परत आले. उत्तम आला नाही. तेव्हा आत्याबाई परकर नेसायच्या. राखीला त्या काकाजींना राखी बांधत, आणि ते त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत बसत.

आम्हा तिघींनाही इंग्रजी येत नव्हतं, म्हणून काकाजी सांगायचे ते आम्ही ऐकायचो. आणि काय सांगायचे! साहेब पाच मिनिटं हात नाचवून बोलला की काकाजी म्हणायचे, "नाही म्हणते." आणि जाड्या हवालदारानं एकच शब्द उच्चारला की काकाजी रिमोट वर धरून बराच वेळ सांगत राहायचे. वरण पातळ कसं करायचं म्हणजे दोनशे माणसांना पुरेल. रेती उडून पिठात गेली तर ती कशी बसू द्यायची. ओल्या लाकडाला कसं समजवायचं.

वहिनी म्हणायच्या, "एवढं सगळं तो एका शब्दात बोलला?"

"इंग्रजी तशीच असते. दाबून भरलेली."

सगळ्यात जास्त ते त्या लंबू पोराचं सांगायचे. त्याला ते "आपला मोहगाववाला" म्हणत. वहिनी हसून लोटपोट. "गोरं पोट्टं मोहगावचं कधीपासून झालं वो?" काकाजी शांतपणे म्हणायचे, "चाल पाहा ना त्याची. चाल मोहगावची आहे."

काकाजींच्या सांगण्याप्रमाणे हा लंबू थंडीत गरम पोळी खिशात ठेवून पहाऱ्यावर जायचा, आधी ऊब घ्यायचा आणि मग तीच खायचा. खेचराला गूळ चारायचा आणि हवालदाराला सांगायचा, मुंगळ्यांनी नेला. गाणं म्हणायला लागला की अख्खी पलटण म्हणायची, बाबा, तू आलू सोल.

एक दिवस पडद्यावर लंबू एका लिहिणाऱ्या शिपायाजवळ बसला होता. काकाजींनी रिमोट वर धरला. "थांबा. तो पत्र लिहवून राहिला. म्हणते, लिही, आई, इथी रोज खीर भेटते. लिहिणारा म्हणते, अबे, आठ दिवस झाले तुले रेतीचं वरण खाता खाता. तो म्हणते, रेती नको लिहू. खीर लिही. वेलची टाकून लिही."

आम्ही हसलो. आत्याबाईंच्या मांडीवर मेथीची जुडी होती, निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

"आमच्या घरी तसंच पत्र आलं होतं," त्या म्हणाल्या. "वेलचीची खीर म्हणून. आईनं मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं."

काकाजींनी बटण दाबलं. बाजूच्या अंगणातले लोक खूप हसले.

त्या दिवसापासून आत्याबाई साडेतीनच्या ऐवजी तीनलाच येऊन बसू लागल्या. टीव्ही बंद असला तरी त्या काळ्या काचेकडं पाहत बसायच्या. पन्नास वर्षांत काकाजींनी त्यांच्या भावाबद्दल एकच वाक्य सांगितलं होतं. लढाई संपल्यावर ते मोहगावला उत्तमची कपड्यांची पेटी घेऊन आले, आणि उंबऱ्यातच उत्तमच्या आईला म्हणाले, "जेवून गेला होता." बस. आत्याबाईंची आई पुढं मरेपर्यंत कोणीही आलं की तेवढंच सांगायची, माझा पोरगा उपाशी नाही गेला, जेवून गेला.

आता तुम्ही विचाराल, मला संशय कधी आला. मला आला नाही, तो मला वाचायला मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात मुलानं काकाजींना नवा मोठा टीव्ही आणून दिला. त्यात तीच मालिका होती, पण खाली हिंदी अक्षरं धावायची. काकाजींची नजर अधू झाली होती, त्यांना ती मुंग्यांसारखी दिसायची. वहिनी चष्मा घरी विसरायच्या. आत्याबाई शाळेत गेल्याच नव्हत्या. मी चौथीपर्यंत शिकले आहे. हळूहळू वाचते, पण वाचते.

पहिल्या दिवशी मी अर्धं वाचेपर्यंत ओळ पळून जायची. मग सवय झाली. साहेब ओरडत होता आणि खाली लिहून आलं, "मेरी छतरी किसने ली?" काकाजी म्हणाले, "साहेब म्हणते, भाजीत मीठ कमी आहे." मला वाटलं, माझीच चूक. दुसऱ्या दिवशी खेचर पळालं म्हणून सगळे रडकुंडीला आलेले, तसं खाली स्पष्ट लिहिलेलं. आणि काकाजी सांगत होते की ते कणीक कशी मळावी यावर भांडून राहिले.

काकाजींना इंग्रजीचे चार शब्द येत होते. बाकी सगळं ते मनानं सांगत होते. खीर त्या मालिकेत नव्हती. खिशातली पोळी नव्हती. गूळही नव्हता.

मी कोणाला बोलले नाही. बोलायची मला सवय कमी. आणि खरं सांगते, मला मजा वाटत होती. एकाच वेळी दोन गोष्टी चालायच्या, एक खाली अक्षरांत, एक काकाजींच्या तोंडून, आणि तीच माणसं दोन्हींत मन लावून काम करत होती. कोणती बरी, हे मी रोज ताडून पाहायची. बहुतेक वेळा काकाजींची बरी असायची.

मग तो भाग लागला.

पोळ्याचा सण होऊन गेला होता. आत्याबाईंनी घरच्या करंज्या आणल्या होत्या. पडद्यावर लंबू पोराजवळ साहेब आला आणि त्याच्या हातात एक कागद दिला. खाली लिहून आलं की तुझी सुट्टी मंजूर झाली, तू घरी जाऊ शकतोस. लंबू बसकन पोत्यावर बसला. मग सगळ्यांनी त्याच्याशी हात मिळवला. सगळे नाक पुसत होते. तो गाडीत चढला. गाडी धुळीत गेली. त्याची उलटी टोपी खुंटीला तशीच राहिली होती, आणि जाडा हवालदार तिच्याकडं पाहत उभा राहिला.

बाजूच्या अंगणातले लोक त्या वेळी हसले नाहीत. पहिल्यांदाच हसले नाहीत.

काकाजींनी रिमोट वर धरला. "थांबा," म्हणाले, आणि पुढं काही सांगेनात. वहिनी म्हणाल्या, "काय म्हणते तो?"

"तो कायले बोलते आता," काकाजी म्हणाले. "तो गेला."

मला कळलं की त्यांना काय वाटून राहिलं. ती टोपी, ते गप्प लोक, ती धूळ. मी सांगायला हवं होतं, काकाजी, तो घरी चालला, खाली लिहिलं आहे. माझ्या तोंडापर्यंत आलं. पण आत्याबाई सरळ होऊन बसल्या होत्या आणि काकाजी पहिल्यांदाच त्यांच्याकडं डोळे उचलून पाहत होते. अशा वेळी मधे कसं बोलायचं, मला जमलं नाही.

"बाई," काकाजी म्हणाले, "त्या दिवशी पाळी माझी होती."

आत्याबाईंनी विचारलं, "कसली पाळी?"

"पुढच्या चौकीवर जेवण न्यायची. सकाळी चुलीवरून उतरवताना उकळत्या वरणाचा अख्खा गंज माझ्या पायावर सांडला. उत्तम म्हणे, तू बस, मी जाऊन येतो. मी म्हटलं, दोन घास खाऊन जा. तो म्हणे, आल्यावर खातो, माझ्या पोळ्या झाकून ठेव." काकाजींनी रिमोट खाली ठेवला. "मी झाकून ठेवल्या होत्या."

"म्हणजे जेवला नव्हता?"

"नाही."

"आणि तू आईला सांगितलं..."

"हाव."

आत्याबाई उठल्या. करंज्यांचा डबा तिथंच राहिला. चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला, मी धरायला गेले तर हात झटकला. दारातून म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी ह्या हातानं राखी बांधून राहिली याले."

पुढं नऊ दिवस टीव्ही लागला नाही. काकाजी खुर्चीत बसून राहायचे. चार पोळ्या खाणारा माणूस दीडवर आला. मी गेले की "जेवली का?" सुद्धा विचारीनात. एवढं ऐकायची सवय झालेली, तर ते न विचारणंच कानाला लागायचं.

दहाव्या दिवशी मी आत्याबाईंकडं गेले. जाताना सांभार, म्हणजे कोथिंबिरीची जुडी, घेऊन गेले, नुसतं जायचं कसं म्हणून. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी जुडी ठेवली आणि उभीच राहिले.

"बोल ना. जुडी द्यायले एवढी घामाघूम झाली का?"

मी म्हटलं, "आत्याबाई, टीव्हीतलं ते पोरगं मेलं नाही."

"काय?"

"त्याले सुट्टी भेटली. तो घरी गेला. खाली हिंदीत लिहून येते, मी वाचलं. काकाजींना इंग्रजी येत नाही. त्यांना वाटलं, तो गेला." आणि मग एकदा तोंड उघडलं तर मी सगळंच सांगितलं. छत्री, खेचर, सगळं. खीर तिथं नव्हती, तेही.

आत्याबाई खूप वेळ तांदूळ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सारत राहिल्या. त्यात निवडायचं काही उरलं नव्हतं.

"म्हणजे खीर आमच्या उत्तमची होती?"

"हो."

"आणि पोळी, गूळ, सगळंच?"

"सगळं."

"आणि हे शेवटचं त्यानं चुकून सांगितलं?"

"चुकूनच."

"पन्नास वर्षांत याले एकदा आधी चुकता नाही आलं?" त्या म्हणाल्या. रागानंच म्हणाल्या. पण सूप बाजूला ठेवून उठल्या आणि चपला पायात घातल्या.

काकाजी खुर्चीत होते. आत्याबाईंना पाहून उठायला लागले. त्यांनी हातानंच बसवलं. समोर उभ्या राहून विचारलं, "जेवला का?"

"हाव," काकाजी म्हणाले.

"तुझं 'जेवून' मले माहीत आहे. खोटं नको बोलू." मग माझ्याकडं वळून, "ए, याच्यासाठी पोळ्या टाक वो."

मी आत गेले. कणीक मळताना कान बाहेर होता. आत्याबाईंनी मोजा काढायला सांगितला. काकाजी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी दारातून पाहिलं, तर त्या खाली बसल्या होत्या. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी सुकलेल्या केळीच्या सालीसारखी होती. आत्याबाईंनी हात नाही लावला. वाकून, नीट, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"लय भाजला होता की रे, भाऊ," त्या म्हणाल्या.

मग मोजा उचलून त्यांच्या हातात दिला.

चार दिवसांनी वहिनींनाही कळलं. त्या चिडल्या. "म्हणजे वर्षभर आमच्यापुढं खोटं सांगून राहिले होते तुम्ही?"

"खोटं काऊन? वरण खोटं नव्हतं," काकाजी म्हणाले. आणि माझ्याकडं पाहून, "तू कधीपासून वाचून राहिली होती?"

"नवा टीव्ही आला तेव्हापासून."

"मग बोलली काऊन नाही?"

मी म्हटलं, "तुमचंच बरं वाटे."

ते एवढे हसले की खोकला आला. मालिका पुन्हा सुरू झाली, पहिल्या भागापासून. लंबू परत आला, टोपी उलटी घालून. आता सगळ्यांना सगळं माहीत होतं, तरी काकाजी रिमोट वर धरायचेच. मधेच आत्याबाई विचारायच्या, "रात्री झोपायचा का नीट? घोरायचा का?" पडद्यावर साहेब आपली छत्री शोधत असायचा, आणि काकाजी म्हणायचे, "थांब, साहेब तेच सांगून राहिला."

यंदा संक्रांतीच्या आधी काकाजी गेले. सकाळी मी पोळ्या करायला गेले तर दार मुलानं उघडलं. आदल्याच दिवशी नागपूरहून आला होता. म्हणाला, पहाटे झोपेतच. मी विचारलं, "जेवले होते का?" तो माझ्याकडं पाहत राहिला. म्हणाला, "हो, दोन पोळ्या. का?" मी आत्याबाईंना जाऊन आधी तेच सांगितलं.

मुलानं घर बंद करताना टीव्ही आत्याबाईंना दिला. आता साडेतीनला आम्ही तिघी त्यांच्याकडं बसतो. वहिनी आठवणीनं चष्मा आणतात. पहिल्या दिवशी रिमोट माझ्या हातात दिला, मला वाचता येतं म्हणून. तंबू दिसला, खेचर दिसलं. जाडा हवालदार लंबूला काहीतरी म्हणाला. मी खालची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. बाजूच्या अंगणातले लोक हसले. आमच्याकडं कोणी हसलं नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "खालचं नको वाचू. खरं काय ते सांग."

मी रिमोट वर धरला.